साठ ए, साठ बी आणि शरयूताई

शरयूताई त्रिलोकेकर चित्र शेवटी बघायच्या. परळच्या आमच्या संस्थेत बाकी सगळे आधी चित्रच बघायचे, कारण ते असायचंच तसं देखणं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची एक लांब माळ. ती गुंडाळली जाते, तिला आकार येतो आणि त्या आकारावर तिचं काम ठरतं. कुणी तो आकार शोधून काढला की माळेतल्या प्रत्येक मण्याचं नाव, क्रमांक आणि जागा एका फाइलमध्ये लिहून ठेवतात. सॉफ्टवेअर ती फाइल वाचतं आणि पडद्यावर रंगीत, फिरवता येणारं चित्र काढतं. ताई मात्र ती फाइलच वाचत बसायच्या, ओळीमागून ओळ, चष्मा कपाळावर चढवून, नाक पडद्याला लागेल इतक्या जवळून. नुसती नावं आणि आकडे. त्यात काय वाचायचं असतं, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "लिहिणाऱ्यानं काय काय पाहिलं नाही, ते इथं कळतं. चित्रात कळत नाही."

मागच्या आठवड्यात एका विद्यार्थ्याची मेल आली. आमच्या गटानं बनवलेलं सॉफ्टवेअर तो वापरत होता. त्यानं लिहिलं होतं, साठनंतर एकसष्ट यायच्या ऐवजी साठ ए, साठ बी असं काहीतरी येतंय, हे एक, दोन, तीन असं सरळ करायचं बटण कुठं आहे. बटण नाही. तसं उत्तर लिहायला बसले आणि तिसऱ्या वाक्याशी माझ्या लक्षात आलं की मी ताईंच्या आवाजात लिहितेय. त्यांना जाऊन वर्ष होत आलं.

मी त्यांना पहिल्यांदा भेटले तेव्हा त्या निवृत्त होऊन बराच काळ झाला होता. तरी आठवड्यातून दोन-तीन दिवस गिरगावातून बस पकडून यायच्या. बुटक्या, केस बारीक कापलेले, कडक इस्त्रीची सुती साडी आणि खाली पळायचे बूट. लिफ्टची वाट बघणं त्यांना जमायचं नाही, जिन्यानं यायच्या आणि वर आल्यावर दम लागलाय हे कुणाला कळू नये म्हणून फळ्यावरच्या जुन्या नोटिसा वाचत उभ्या राहायच्या. त्यांचं घराणं मुंबईतलं फार जुनं. "आमच्या घरातले पिढ्यान् पिढ्या साहेबाच्या कचेरीत कारकून," त्या सांगायच्या, "आणि एकाचंही अक्षर धड नाही." सगळे त्यांना मॅडम म्हणायचे, ते त्यांना आवडायचं नाही. मी लालबागची, आमच्याकडे मोठ्या बाईला ताई म्हणायची सवय. माझ्या तोंडून पहिल्याच दिवशी ताई गेलं आणि तेच सगळ्यांच्या तोंडी बसलं.

मी जीवशास्त्राची नाही. संगणकाचं शिकून, दोन वर्षं एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळून इथं आले होते. माझ्या पहिल्या महिन्यातली गोष्ट. रक्त गोठवणारं थ्रॉम्बिन नावाचं एक प्रथिन मी आमच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघत होते. बाकी चित्र छान आलं होतं, पण माळेच्या सुरुवातीला नुसता गुंता. रेघा इकडून तिकडे, एकमेकींना कापत गेलेल्या. ताई माझ्या मागून चालल्या होत्या, त्या थांबल्या.

"फाइल वाचलीस?" त्यांनी विचारलं.

"प्रोग्रामनं वाचली."

"ते दिसतंयच. तू वाच."

मी फाइल उघडली. पहिला मणी एक एच. त्यानंतर एक जी, मग एक एफ, असं उलटं येत येत एक ए, आणि त्यानंतर नुसता एक. पुढे दोन, तीन. आम्ही वापरलेलं तयार साधन मणी आधी चढत्या क्रमानं लावून घ्यायचं आणि मग जोडायचं. त्यामुळं एक आधी, मग ए, मग बी, आणि रेघांचा सगळा गोंधळ.

"अशी उलटी अक्षरं कोण लिहितं?" मी म्हटलं.

"ज्यांनी एक हा आकडा आधीच दुसऱ्याला देऊन ठेवला होता, ते." त्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या आणि मला पहिल्यांदा ती सगळी भानगड समजावून सांगितली. प्रथिनांचीही घराणी असतात. थ्रॉम्बिन ज्या घराण्यातलं, त्यातलं पचनाचं काम करणारं एक प्रथिन शास्त्रज्ञांना फार आधी समजलं होतं. मग त्याचेच क्रमांक बाकीच्या भाऊबंदांना लावले गेले. दुसरी प्रथिनं कापणं हे त्या घराण्याचं काम, आणि प्रत्यक्ष कापणारा सेरीन नावाचा मणी त्या घराण्यातल्या कुणातही एकशे पंच्याण्णवच. एखाद्याला मध्येच जास्तीचे मणी असले तर ते साठ ए, साठ बी. कमी असले तर मधले आकडे सरळ गाळलेले. आणि सुरुवातीच्याही आधी काही निघालं तर उलटी अक्षरं नाहीतर वजा आकडे.

"क्रमांक म्हणजे मोजणी नव्हे गं," त्या म्हणाल्या. "ते नाव आहे. नावाची चढती मांडणी करायची नसते. फाइलमध्ये ज्या क्रमानं आलेत त्या क्रमानं जोड."

मला वाटलं, मला नेमकं समजलं. मी उत्साहानं म्हटलं, "म्हणजे आमच्या चाळीसारखं. अकरा नंबरच्या खोलीचे दोन भाग केले की अकरा आणि अकरा ए."

"नाही," ताई म्हणाल्या. "खोलीत कुणी राहत नसलं तरी खोली असते. इथं मणी नाही तर जागाही नाही, शेजारचे दोघे एकमेकांना चिकटलेले. उपमा देऊ नकोस. उपमेतलं चुकीचं तेवढं लक्षात राहतं."

उपमांवर त्यांचा खरंच राग होता. भाषणात कुणी कुलूप-किल्ली म्हटलं की त्या पिशवीत काहीतरी शोधायला लागायच्या. स्वतः मात्र मण्यांबद्दल काय बोलतात याचा पत्ता नसायचा. "ग्लायसीन गरीब, कुठंही बसतो." "ट्रिप्टोफॅनला पाय पसरायला जागा लागते." "प्रोलीन एकदा वाकला की वाकला, त्याची समजूत घालायला जाऊ नये." एकदा मी म्हटलं, "ताई, ही उपमाच झाली." त्यांनी थोडा विचार केला. "ही उपमा नाही. हा स्वभाव आहे," म्हणाल्या आणि डबा उघडला.

त्यांच्या डब्याची सगळ्यांना ओढ असायची. कोबी आणि कोलंबीचं खमंग भाजलेलं भानोलं आणलं असेल तर वास जिन्यापर्यंत जायचा. वाटायची पद्धतही त्यांचीच होती. ज्याला सकाळी बोलणी बसली असतील त्याला मोठा तुकडा. एका विद्यार्थ्यानं एकदा आपलं काम सगळ्यांपुढे मांडलं, चित्रात माळ अगदी सलग, गुळगुळीत. ताईंनी विचारलं, "एकशे सेहेचाळीस ते एकशे पन्नास, हे मधले कुठून आले? फाइलमध्ये तर नाहीत."

तो म्हणाला, "सॉफ्टवेअरनं जोडून दिले."

"तुम्ही पाहिलेत?"

"नाही. तो भाग हलत राहतो, प्रयोगात दिसला नाही."

"मग तुटकच दाखवा. दिसलं नाही म्हणायला लाज कसली." आणि दुपारी त्याच्या ताटलीत भानोल्याचा कडेचा, खरपूस तुकडा पडला. तो तुकडा त्या एरवी कुणाला द्यायच्या नाहीत.

आमचे गटप्रमुख डॉ. भाटकर हे ताईंचेच जुने विद्यार्थी. माणूस उमदा, कामाचा झपाटा मोठा. सॉफ्टवेअर त्यांचीच कल्पना. देशभरातल्या कॉलेजांतल्या मुलांना फुकट वापरता यावं, असं त्यांचं स्वप्न होतं. त्यांचं म्हणणं, मुलांना या विचित्र क्रमांकांची भीती वाटते, तेव्हा फाइल उघडतानाच सगळं एकपासून सरळ करून टाकावं. ताईंचा त्याला ठाम विरोध. बैठकीत दोघं भांडायचे, पण ते घरच्या माणसांसारखं.

"ताई, लोकांना सोपं हवंय."

"सोपं कर की. सरळ करू नको."

"फरक काय?"

"सरळ केलंस तर तो मुलगा जुना शोधनिबंध उघडून एकशे पंच्याण्णव शोधायला जाईल आणि तुझ्या चित्रात तिथं भलताच कुणी बसलेला असेल. आणि त्याला ते कळणारही नाही."

भाटकर म्हणायचे, "बघू." हे बघू कित्येक महिने चाललं. मी दोन्ही पद्धतींचा प्रोग्राम तयार ठेवला होता, कुणाचं ऐकायचं ते ठरेना.

त्याच सुमारास ताईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पडदा बघायला काही दिवस बंदी. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन, "मनाली, संध्याकाळी गिरगावात येशील का? येताना लॅपटॉप आण." मला वाटलं, काही बिल वगैरे भरायचं असेल. त्यांचं घर एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीत तुळस आणि सुकत घातलेल्या साड्या. त्यांनी लग्न केलं नव्हतं. भाऊ वारल्यापासून त्या आणि वहिनी अशा दोघीच राहायच्या. ताई हिरवी पट्टी लावून आरामखुर्चीत बसल्या होत्या.

"थ्रॉम्बिनची एक नवी फाइल आलीय. वाचून दाखव."

"सगळी?"

"मी थांब म्हणेपर्यंत."

मी वाचायला लागले. मण्याचं नाव आणि क्रमांक, बाकीचं नको म्हणाल्या. ल्युसीन साठ. टायरोसीन साठ ए. प्रोलीन साठ बी. प्रोलीन साठ सी. ट्रिप्टोफॅन साठ डी. ताईंचा हात खुर्चीच्या दांडीवरून हळूहळू वर जायचा, वळायचा, खाली यायचा. त्या माळेचं वळण हातानं काढत होत्या. मी थोडी भरभर वाचायला लागले की बोटं थांबायची. वहिनी स्वयंपाकघरातून चहा घेऊन आल्या, कप ठेवून तिथंच हात जोडून उभ्या राहिल्या. बराच वेळ ऐकून त्यांनी हळूच मला विचारलं, "कुठलं स्तोत्र गं हे? आमच्याकडे नव्हतं."

ताई इतक्या हसल्या की मला भीती वाटली, डोळ्याला काही होईल. "ऐक, ऐक," त्या म्हणाल्या, "फळ मिळेल." वहिनी रागावल्या नाहीत. त्यानंतर मी चार-पाच संध्याकाळी गेले, आणि वहिनी रोज चहा देऊन शेजारी बसून राहायच्या. अक्षरं आली की मान डोलवायच्या. त्या दिवसांत मला त्या फाइली पहिल्यांदा ऐकू आल्या. डोळ्यांनी वाचताना साठ ए आणि साठ बी मध्येच घुसल्यासारखे वाटायचे. कानानं ऐकताना वाटलं, ते तिथलेच आहेत.

ताईंच्या डोळ्यांवर नवा चष्मा आला आणि त्यानंतर महिनाभरातच डॉ. रेगे आमच्याकडे आली. ती जवळच्याच एका रुग्णालयात रक्ताच्या आजारांची डॉक्टर, वयानं माझ्याएवढीच. तिच्याकडे चिंचपोकळीचा एक तरुण रुग्ण होता, मयूर सावंत. लहानपणापासून रक्त लवकर थांबायचं नाही. रक्त गोठवणाऱ्या साखळीतलं नववं प्रथिन त्याच्यात नीट काम करत नव्हतं, इतकं माहीत होतं. आता त्याची बहीण शीतल गरोदर होती. हा आजार आईकडून मुलाकडे येतो, आईला स्वतःला बहुतेक त्रास नसतो. शीतलमध्ये तो दोष आहे का, हे कळलं तर बाळंतपणाची तयारी वेगळी करावी लागणार होती. तपासायचं तर आधी मयूरच्या प्रथिनात नेमकं काय बिघडलंय ते पक्कं हवं. त्याच्या तपासणीत एकच बदल सापडला होता, तोही पूर्वी कुणात नोंदलेला नव्हता. तो बदल खरंच दोषी आहे की निरुपद्रवी, हे ठरेना. म्हणून ती चित्र बघायला आली होती.

भाटकरांनी ते प्रथिन उघडलं. रेगेनं सांगितलं, दोनशे तीस. त्यांनी दोनशे तीस टाकलं. प्रथिनाच्या अगदी बाहेरच्या अंगाला एक मणी पिवळा झाला. कापायची जागा दुसऱ्या टोकाला.

"इथं बदल झाला तरी फारसं बिघडू नये," भाटकर म्हणाले. "दोषी दुसराच कुणी असेल."

रेगेचा चेहरा पडला. "दुसरं काही सापडलेलंच नाही, सर. मग शीतलला मी काय सांगू? पाचवा महिना लागलाय तिला."

ताई कोपऱ्यातल्या टेबलावर जेवत होत्या. घास हातातच ठेवून त्यांनी विचारलं, "अहवालात काय लिहिलंय? बदलायच्या आधी तिथं कोण होता?"

"ग्लायसीन," रेगे म्हणाली.

"आणि हा पिवळा झालाय तो?"

भाटकरांनी त्यावर टिचकी मारली. "लायसीन." मग स्वतःच थांबले. "अरे."

दोन्ही नावं कानाला इतकी सारखी की खोलीतल्या कुणालाच काही खटकलं नव्हतं. रेगेनं अहवाल पुन्हा वाचला. ग्लायसीनच होतं.

"मग अहवाल चुकला का?" तिनं विचारलं.

"कुणीच चुकलेलं नाही," ताई म्हणाल्या. "दोन मोजण्या आहेत. हात धुऊन येते."

ती दुपार मला चांगली आठवते. ताईंनी भाटकरांना शेजारी बसवलं, तीस वर्षांपूर्वी बसवत असतील तसं. अहवालातली मोजणी पेशीत माळ तयार होताना जो पहिला मणी येतो तिथपासून होती. त्यातला सुरुवातीचा बराच भाग नंतर कापून टाकला जातो. हे प्रथिनही थ्रॉम्बिनच्याच घराण्यातलं, त्यामुळं आमच्या चित्रात मात्र घराण्याचे जुने क्रमांक होते. दोन्ही माळा एकाखाली एक मांडून, गाळलेले आकडे आणि अक्षरं सांभाळत दोघांनी एकेक मणी जुळवत नेला. भाटकर मोठ्यानं वाचत होते, ताई पेन्सिलीनं खूण करत होत्या. अहवालातला दोनशे तीस हा चित्रातला एकोणीस निघाला. तिथं ग्लायसीन होता.

"आता चित्र दाखव," ताई मला म्हणाल्या.

मी एकोणीस टाकलं. पिवळा ठिपका बाहेरून नाहीसा झाला आणि आत, खोलवर उमटला. त्या प्रथिनाला जाग येते ती त्याच्या माळेचं एक टोक आत वळून एका खाचेत बसल्यावर. ते टोक म्हणजे सोळा नंबर. एकोणीस त्याच्यापासून तिसराच. तिथं जागा इतकी कमी की सगळ्यांत छोट्या ग्लायसीनशिवाय दुसरं कुणी मावणं कठीण. मयूरच्या प्रथिनात तिथं मोठा, जाडजूड मणी आला होता.

भाटकर खुर्चीत मागे टेकले. "ताई," ते म्हणाले, "बटण काढून टाकतो."

"कसलं?"

"सरळ करायचं."

"ते तू टाकलं होतंस?" ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून कीबोर्ड पुसायला लागले.

रेगे निघताना ताईंनी तिला दारात थांबवलं. "हे चित्र म्हणजे पुरावा नाही हं. आता फक्त संशय घ्यायला जागा झाली. घरात दुसरं कुणी आहे का असं?" मयूरचा एक मामा होता, कुडाळला. त्यालाही तरुणपणी दात काढल्यावर रक्त थांबेना म्हणून दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. रेगेनं त्याला बोलावून घेतलं. त्याच्या रक्तात तोच बदल सापडला. आजारी नसलेल्या दुसऱ्या मामात सापडला नाही. तेव्हा कुठे ताई म्हणाल्या, "आता शीतलची तपासणी कर."

शीतलमध्ये तो होता.

आपल्या पोटातल्या बाळाला काय होऊ शकतं ते बघायचंय, असा हट्ट धरून ती एक दिवस रेगेबरोबर आमच्याकडे आली. सडपातळ, बोलायला तेज, शिवणकामाचा छोटा कारखाना चालवणारी. भाटकरांनी तिला मोठ्या पडद्यासमोर बसवलं. ताईंनी माझ्या हातातून माउस घेतला आणि चित्र हळूहळू फिरवत तो मणी दाखवला.

शीतल बराच वेळ बघत राहिली. "एवढंसंच?"

"एवढंच," ताई म्हणाल्या.

"याच्यापायी माझ्या भावाला शाळेत कधी खेळू दिलं नाही कुणी. आई म्हणायची, नजर लागली."

ताईंनी तिची समजूत घातली नाही. "नजर नाही. एकोणीस नंबरला जागा कमी आहे."

शीतलला का कोण जाणे, हसू आलं. मग तिनं विचारलं, "बाळाला असेल?"

"अर्धी शक्यता, मुलगा झाला तर. ते चित्र नाही सांगणार, बाळाचं रक्त सांगेल. पण आता कुठं बघायचं ते यांना माहीत आहे. आणि बाळंतपणाच्या वेळी औषध हाताशी असेल. तुझ्या आईच्या वेळी नव्हतं."

शीतलनं पडद्याचा मोबाइलवर फोटो काढला. "मयूरला दाखवते," म्हणाली. "तो आजपर्यंत समजतोय, त्याचं रक्तच पातळ आहे."

ती गेल्यावर ताई बराच वेळ चित्र फिरवत बसल्या. मी इतक्या वर्षांत त्यांना फाइल न वाचता नुसतं चित्र बघताना तेवढंच पाहिलं.

पुढं सॉफ्टवेअर बाहेर पडलं ते ताईंच्या मनासारखं. क्रमांक फाइलमध्ये असतील तसे, अक्षरांसकट. शेजारी दुसरी मोजणी हवी तर तीही दिसते. क्रमांक टाकताना मण्याचं नावही टाकावं लागतं, आणि नाव जुळलं नाही तर प्रोग्राम पुढं जात नाही, तुम्ही कुठली मोजणी वापरताय म्हणून विचारतो. ही शेवटची कल्पना भाटकरांची. ताईंनी ती मान्य केली, पण प्रश्नाचा मजकूर तीन वेळा बदलायला लावला. पहिल्या मजकुरात चूक हा शब्द होता.

त्यानंतर त्यांचं येणं कमी झालं. गुडघे दुखायला लागले होते. वहिनींचंही वय झालं, दोघींना एकट्यानं राहणं झेपेना, तेव्हा पुतणीनं दोघींना नाशिकला न्यायचं ठरवलं. तिथंच पुढल्या थंडीत ताई झोपेत गेल्या. पण त्याआधी, नाशिकला जाण्यासाठी गिरगावचं घर आवरायच्या गडबडीत, शीतलच्या बाळाच्या बारशाचं बोलावणं आलं. मला वाटलं, नाही म्हणतील. ताई फोनवर म्हणाल्या, "टॅक्सी घेऊन ये. आणि जिना किती चढायचाय ते आधी विचार."

चिंचपोकळीच्या चाळीतली ती मोठी खोली बायकांनी भरून गेली होती. मुलगा झाला होता. त्याच्या रक्तात तो बदल होता. पण ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बाळंतपणात काळजी घेतली गेली, लस कशी टोचायची, काय जवळ ठेवायचं, सगळं रेगेनं सावंतांच्या घरातल्या प्रत्येकाकडून पाठ करून घेतलं होतं. मयूर पाळण्याशेजारी उभा होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टरच्या थाटात हात धुवायला पाठवत होता.

पाळणा म्हणून झाला, नाव ठेवून झालं. मग शीतलची एक चुलतआजी सोनाराला हाक मारायला उठली.

"कान टोचूक होये मां गो," ती म्हणाली.

"नाय आजी," शीतल म्हणाली. "याचे नाय टोचायचे."

"माका कोणी सांगूक नाय तां."

"मी सांगतंय. रक्त लवकर थांबायचा नाय. मोठो झालो की डाक्टरांका इचारून टोचू."

आजीनं आजूबाजूला बघितलं, कुणी आपल्या बाजूनं बोलतंय का. शीतलच्या आईनं मान हलवली, नाही. आजी पुटपुटत बसली आणि थोड्या वेळानं तिनंच सोनाराच्या हातात पेढा देऊन त्याला परत पाठवलं.

ताई भिंतीशी खुर्चीत बसून हे सगळं बघत होत्या. आपण कोण, हे त्यांनी कुणाला सांगू दिलं नव्हतं. शीतलनं सांगायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "पाहुणी म्हण." बाळ रडायला लागलं, एकीकडून दुसरीकडे फिरत गेलं, गप्प होईना. शेवटी कुणीतरी ते ताईंच्या मांडीवर ठेवलं. त्यांना मूल घ्यायची सवय नव्हती, हात कुठं ठेवायचे कळेना. पण बाळ रडायचं थांबलं, त्यांच्या साडीचा काठ मुठीत धरला आणि झोपलं.

बायका एकेक करून उठल्या. जेवणाची पानं मांडायला सुरुवात झाली. टॅक्सीवाल्याचे दोन फोन येऊन गेले. मी खाली वाकून म्हटलं, "ताई, निघायचं?"

"शू," त्या म्हणाल्या. "हा झोपलाय."

"मी घेते त्याला, द्या."

"नको. उठेल." त्यांचा डावा हात अवघडला होता, ते दिसत होतं. "तू पुढं हो. मला मयूर सोडेल घरी."

"बराच वेळ लागेल."

"लागू दे."

मी चपला घालून गॅलरीत आले. दारातून एकदा मागे वळून बघितलं. खोलीत ताटवाट्यांचा आवाज चालू होता, शीतल वाढत होती, तिची आजी पापड मोजून देत होती. भिंतीशी ताई चष्मा कपाळावर चढवून, मान खाली घालून, नाक टेकेल इतक्या जवळून त्या पोराचा चेहरा बघत होत्या.